जाळरेषा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येऊरचं गवत
माझ्या खांद्याला लागतं, आणि हात लावला की वाजतं,
कुणी खिशात सुटे पैसे घेऊन चालल्यासारखं.
म्हणजे वेळ झाली.

मस्टरवर सहा नावं. आलेत पाच.
गोविंद बरफ कुठंय, विचारलं,
तर सगळे आपापल्या कोयत्याची धार बघू लागले.
काल भेंडीपाड्यात हळद होती. मीही गेले होते.
मीही फार विचारलं नाही.

जिवली वरठा अंगठा उठवते
आणि शाई पुसते ऐनाच्या खोडाला.
पावसाने नेले तेवढे सोडून
बारा हिवाळ्यांचे अंगठे आहेत त्या झाडावर.

रेषा सहा मीटर रुंद हवी, असं कागद म्हणतो.
जिवली आठ पावलं चालते, नवव्याला थांबते, टाच रोवते.
मी टेप ताणून बघते. बरोबर.
पुढच्या वळणावर टेपच चुकते, दगडात अडकून.
तेव्हापासून ती माझ्या पिशवीत आहे, डब्याशेजारी,
आणि वहीत मी लिहिते : मोजले.

दिवसभर कापणं, ओढणं, पाचोळा मधोमध आणणं.
पावसाळ्यात वाहून गेलेले पायऱ्यांचे दगड
खालून वर, दोघींनी मिळून एक.
'बिबट्याचा वावर' या पाटीवर कुणीतरी बदाम कोरलाय;
तो बुजवताना रंग संपला,
वावरमधला दुसरा व पुसटच राहिला.

रविवारी घोडबंदर रोडकडून माणसं पळायला येतात,
मनगटावर स्वतःच्या काळजाचे ठोके वाचत.
एक थांबला. म्हणाला, कापता कशाला,
उन्हात किती छान दिसतं हे सोनेरी.
जिवली म्हणाली, मग फोटो काढ लवकर.

नकाशात या रेषेला चौदा नंबर आहे.
चौदाच्या मध्यावर जिवली एक करवंदाची जाळी सोडते. दरवर्षी.
नियमात बसत नाही.
काय आहे तिच्यात?
"काय नाय. इथं हंडा उतरवायचो आम्ही."
मी जाळीच्या दोन्ही अंगांनी
एकेक पाऊल जास्त कापून घेतलं.

पेटवायचं ते सकाळी,
गवताच्या बुडाशी दव आहे तोवर.
अकरा वाजले की खाडीकडचा वारा डोंगर चढू लागतो
आणि मग तो कुणाचं ऐकत नाही.
आगीला आत्ताच चार घास घालायचे, जिवली सांगते,
म्हणजे शिमग्यानंतर ती भुकेली दारात येत नाही.

सगळे ओळीने उभे, हातात ओल्या फांद्या,
मंगलाष्टकं लांबल्यावर अक्षता धरून उभे राहतात तसे.
आग बुटकी, सरळ चालीची.
नाकतोडे उडतात पुढे पुढे,
आणि कोतवाल आलेले असतातच, आमच्याही आधी.
त्यांना कोण कळवतं?
त्यांची नावं मस्टरवर नाहीत
आणि ते कधी गैरहजर नसतात.

साडेदहालाच वारा आला.
नाल्यापाशी एक जळकं पान रेषा ओलांडून
पलीकडच्या गवतात उतरलं, अगदी सावकाश,
आणि माझा आवाज घशातच राहिला.
कुणीतरी उतारावरून धावलं,
फांदी आपटत, आपटत, मग नुसत्या पायांनी.
धूर हलला तेव्हा दिसला : गोविंद.
नवा सदरा, कानामागे अजून हळद.
केव्हा आला, कुणी सांगेना.
मी वही काढली. सहा हजर.

वर्तकनगरहून आईचा फोन :
गॅलरीतून डोंगराला धूर दिसतोय, तू कुठंयस?
तिथंच.
अगं, मग पेटलाय तो!
पेटवलाय, म्हटलं. आता विझवतोय.
बराच वेळ ती बोलली नाही,
मग म्हणाली, येताना कढीपत्ता आण.

दुसऱ्या दिवशी राख गार.
चौदा नंबरवर करवंद उभं,
कडेची पानं तेवढी करपलेली.
खाली, जिथं आग शिरली नाही तिथं,
हंड्याच्या बुडाएवढं गवत,
ओलं.